हौसेचे मोल

‘हौसेला मोल नाही’ ही म्हण लग्नघरात जितक्या वेळा कानी पडते, तितकी अन्यत्र क्वचितच पडत असेल. मांडव वाढला, बँड बाहेरगावचा आला, जेवणात आणखी दोन पदार्थ आले, की यजमान हसत हसत ही म्हण उच्चारतो आणि खिशात हात घालतो. नवल एवढेच की, त्याच लग्नातील छायाचित्रांचा हिशेब करण्याची वेळ आली म्हणजे हीच म्हण उलटी फिरवली जाते. “अरे, तुला तर फोटो काढण्याची हौसच आहे, मग पैसे कसले मागतोस?” हौस यजमानाची असली तर तिच्यासाठी पैसा मोजावा, आणि ती कारागिराची असली तर तिच्यापायी पैसा सोडावा, असा हा अजब न्याय आहे. प्रिय वाचकहो, त्याचा थोडा विचार करावा या हेतूने हा लेखनप्रपंच.

आपली डोकमर्डी आज सिल्वासा नगराचेच एक अंग झाली आहे. १९५४ साली येथून पोर्तुगीज सत्ता गेली तेव्हा हा सारा मुलूख शेती आणि जंगल यांवर जगत होता. पुढे कारखाने आले, आणि आता कितीतरी घरांतील मुले पाळीच्या वेळेवर उठतात व पाळीच्या वेळेवर निजतात. पगार थोडा असेल, पण तो ठरल्या तारखेस हाती पडतो, हा आईबापांना मोठा दिलासा असतो. अशाच एखाद्या घरातील मुलगा रात्रपाळी आटोपून, डोळ्यांवर पाणी मारून, कॅमेरा गळ्यात अडकवतो व मित्राच्या बहिणीच्या लग्नाला जातो. फोटो चांगले येतात. लोक वाहवा करतात. दुसरे बोलावणे येते, तिसरे येते. वर्ष-दोन वर्षांनी तो आईवडिलांपुढे उभा राहतो आणि म्हणतो, “मी कंपनी सोडतो, हाच धंदा करतो.” मग सारे कुटुंब धर्मगुरूंच्या दारी येते. आई विचारते, “फादर, फोटो काढून पोट भरेल का?” मुलगा विचारतो, “फादर, जन्मभर मन मारून जगू का?” दोघांचेही प्रश्न खरे आहेत, आणि एकाचे उत्तर दिल्याने दुसऱ्याचा प्रश्न मिटत नाही.

लग्नाचे चित्र असावे ही गरज काही कॅमेऱ्याने जन्माला घातलेली नाही. आपल्या शेजारच्या वारली पाड्यांवर आजही लग्नाच्या वेळी घरातील भिंत गेरूने सारवतात, तांदळाच्या पिठीत पाणी कालवतात आणि सवाशिणी त्या भिंतीवर चौक लिहितात. ‘काढतात’ असे नव्हे, ‘लिहितात’ असेच तेथे म्हणतात. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी बसते आणि चौकावाचून लग्न लागत नाही. म्हणजे चित्र करणारा हात हा लग्नाला आलेला उपरा नसून लग्नविधीचाच एक भाग असतो. १९७० नंतर हीच चित्रे कागदावर उतरली, त्यांना गिऱ्हाईक मिळाले, आणि डहाणूकडील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. भिंतीवरच्या चित्राला मान होता. कागदावरच्या चित्राला मानाबरोबर दामही आला. दाम आला म्हणून मान गेला, असे काही झाले नाही.

कॅमेऱ्याच्या क्षेत्रात हौस आणि पैसा यांची ओढाताण पाहायची असेल, तर आपल्याला फार दूर जावे लागत नाही. दादासाहेब फाळके यांचे नाव चित्रपटासाठी सर्वतोमुखी आहे. परंतु त्यांनी प्रथम फोटोग्राफीचाच धंदा केला होता, हे पुष्कळांस ठाऊक नसते. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेला हा माणूस मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात शिकला आणि पुढे गोध्रा येथे फोटोग्राफर म्हणून बसला. प्लेगात त्यांची पत्नी व मूल दगावले. ते बडोद्यास परतले आणि पुन्हा तोच धंदा मांडून बसले. पण कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो, फोटो काढला की माणूस लवकर मरतो, अशी समजूत लोकांत पसरली होती. गिऱ्हाईक येईना. तेव्हा त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले, पुराणवस्तू खात्यात नोकरी केली, छापखाना काढला. पुढे १९१०-११च्या सुमारास मुंबईत प्रभू ख्रिस्ताच्या जीवनावरील एक मूकपट त्यांच्या पाहण्यात आला, आणि आपल्या देशातील देवादिकांची चरित्रे अशीच पडद्यावर आणावीत, या विचाराने त्यांना झोप येईनाशी झाली.

यानंतरचा भाग प्रत्येक संसारी माणसाने नीट वाचावा असा आहे. त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि १९१२ साली लंडन गाठून कॅमेरा आणला. पत्नी सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. त्या माउलीने नुसते दागिनेच दिले नाहीत. फिल्मच्या कडेला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे ती शिकली, आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही तिनेच सांभाळला. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला आणि इतिहास घडला. परंतु फाळक्यांना पैसा धरून ठेवता आला नाही. भागीदारांशी पटले नाही, नवी कल्पना सुचली की जुनी मिळकत तीत गेली, आणि १९४४ साली नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले तेव्हा गाठीशी फारसे काही उरलेले नव्हते. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून देशातील चित्रपटक्षेत्राचा सर्वोच्च सन्मान गणला जातो. आपण त्यांच्या हौसेचे गोडवे गातो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या हौसेचा हप्ता कोण भरत होते, हे विचारावयास विसरतो. तो सरस्वतीबाई भरत होत्या. “मी पैशासाठी काम करीत नाही” असे अभिमानाने सांगणाऱ्या तरुणास आम्ही एवढेच विचारतो, की मग घरी पैशासाठी काम कोण करते?

याच्या उलट प्रकृतीचा गृहस्थ म्हणजे लाला दीनदयाळ. यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळील सरधना येथे झाला. बेगम समरूने बांधलेल्या पवित्र मरियेच्या भव्य मंदिरामुळे आपल्या वाचकांस त्या गावाचे नाव परिचित असेल; दीनदयाळ स्वतः मात्र जैन होते. रुरकीस शिक्षण घेऊन ते इंदुरास सार्वजनिक बांधकाम खात्यात आराखडे व अंदाजपत्रके करण्याच्या नोकरीस लागले. फोटोचा नाद त्यांना नोकरीतच जडला. तुकोजीराव होळकर यांनी उत्तेजन दिले, इंग्रज अधिकाऱ्यांनी कामे दिली. पण या माणसाने उडी टाकली नाही. पगार घेत घेत कला वाढवली, मग दोन वर्षांची रजा काढून चित्रसंग्रह पुरा केला, आणि धंदा आपल्याला पोसतो अशी खात्री पटल्यावरच नोकरीतून निवृत्ती घेतली. पुढे सिकंदराबादेस व मुंबईस त्यांचे स्टुडिओ झाले, निजामाने ‘राजा’ हा किताब दिला, आणि पडद्यातील स्त्रियांसाठी त्यांनी एका आंग्ल बाईंच्या देखरेखीखाली वेगळा जनाना स्टुडिओही चालवला. आमच्याकडे येणाऱ्या मुलांना आम्ही फाळक्यांचे चरित्र प्रेमाने सांगतो, आणि दीनदयाळांचे सावकाश सांगतो.

तिसऱ्या एका फोटोग्राफरची हकिकत मनोरंजक आहे. हरिश्चंद्र चिंतामण हे मुंबईतील अगदी आरंभीच्या देशी व्यावसायिक छायाचित्रकारांपैकी एक. १८७९च्या फेब्रुवारीत थिऑसॉफिकल सोसायटीचे कर्नल ऑल्कॉट व मादाम ब्लाव्हात्स्की मुंबईस आले, तेव्हा त्यांची उतरण्याची व्यवस्था यांनीच केली होती. पाहुण्यांना वाटले, हे आपल्या स्नेह्याचे आतिथ्य. ऑल्कॉट यांनी आठवणींत लिहून ठेवले आहे की, काही दिवसांनी या स्नेह्याने त्यांच्या हाती एक भले मोठे बिल ठेवले. त्यात घराचे भाडे, जेवणखाण, नोकरचाकर, डागडुजी हे तर होतेच. शिवाय स्वागतसमारंभासाठी आणलेल्या ३०० खुर्च्यांचे भाडे, आणि ‘लवकर या’ म्हणून पाठवलेल्या तारेचा खर्चदेखील होता! खर्च मागणे यात गैर नव्हते. आधी स्नेह दाखवून मागाहून बिल दाखवणे, हे गैर होते. लग्नघरांतून ऐकू येणारी निम्मी भांडणे याच जातीची असतात: कामाच्या आधी सारे “घरचेच” असते, आणि काम झाल्यावर एकाला ते महाग वाटते व दुसऱ्याला स्वस्त.

आता प्रत्यक्ष धंद्याकडे वळू. पूर्वी रोलचा कॅमेरा होता. मोठ्या रोलवर चौरस आकाराची १२ चित्रे येत, लहान ३५ मिलिमीटरच्या रोलवर ३६. प्रत्येक वेळी बोट दाबताना पैसे खर्च होत, हे फोटोग्राफरला कळत होते आणि यजमानालाही. चार-पाच रोलांत लग्न आटपे. आज कॅमेऱ्यात रोल नाही, म्हणून फोटो फुकट निघतो असा समज झाला आहे. खर्च गेला नाही. तो केवळ डोळ्यांआड गेला. एका लग्नात दोन-तीन हजार चित्रे टिपली जातात. त्यांतून डोळे मिटलेली, हललेली, दुबार झालेली वेगळी काढायची, उरलेल्यांचा उजेड व रंग सारखा करायचा, अल्बमची पाने लावायची. हे काम तो मुलगा घरी संगणकापुढे बसून रात्री करतो, आणि घरचे म्हणतात, “नुसता बसून असतो.”

थोडा हिशेब मांडून पाहू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. ज्याने त्याने आपले घालावेत. समजा, कॅमेरा, भिंगे, फ्लॅश व संगणक मिळून ३ लाख रुपये लागले आणि ही सामग्री पाच वर्षे टिकली. म्हणजे वर्षाला ६० हजारांची झीज. वर्षाकाठी ३० लग्ने मिळाली, तर दर लग्नामागे झीज २ हजार. मदतनीस अडीच हजार, अल्बमची छपाई ४ हजार, जाणे-येणे ५००. एकूण खर्च ९ हजार. लग्नाचे १५ हजार घेतले, तर हाती राहिले ६ हजार. आता दिवस मोजा: दोन दिवस लग्नघरी, पाच दिवस संगणकापुढे. सात दिवसांचे ६ हजार, म्हणजे दिवसाला सुमारे ८५७ रुपये. आणि वर्षाच्या ३० लग्नांचे १ लाख ८० हजार, म्हणजे महिन्याला १५ हजार. लोकांना मात्र दिसतात ते “एका दिवसाचे १५ हजार”!

आता एखादे मामा येतात आणि म्हणतात, “आपल्या माणसाला ५ हजार कमी कर.” मामांच्या दृष्टीने ही तृतीयांश सूट झाली. परंतु खर्चाचे ९ हजार काही कमी होत नाहीत. १० हजारांतून ते वजा केले की सात दिवसांच्या मेहनतीचा १ हजार उरतो, म्हणजे दिवसाला १४३ रुपये. रोजंदारीवर विटा उचलायला कोणी या मजुरीत येईल का? पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात कामगाराच्या न्याय्य वेतनाचा प्रश्न साऱ्या जगापुढे मांडला. कारखान्याच्या मालकाने ते पाळावे, असे आपण सारेच म्हणतो. लग्नाच्या दिवशी आपणही दहा-बारा जणांचे मालक झालेले असतो, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही.

मुलांनीही या हिशेबातून काही शिकावे. कॅमेऱ्याच्या दुकानातील नवे यंत्र हे मोठे मोहाचे स्थान आहे. मासिक हप्त्यावर मिळते, म्हणून जुने धड असताना नवे घेतले, की झीज दुप्पट होते. दर मात्र तोच राहतो. वधूची आजी कोणत्या कंपनीच्या भिंगाने फोटो काढला हे विचारीत नाही. पहिली दोन-तीन वर्षे नोकरी न सोडता सुटीच्या दिवसांची लग्ने घ्यावीत, प्रत्येक लग्नाचा जमाखर्च स्वतंत्र वहीत मांडावा, सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी शिल्लक बँकेत पडल्यावाचून राजीनाम्याचा कागद लिहू नये. हा सल्ला नीरस आहे, हे आम्हांस कबूल आहे. परंतु दीनदयाळ तरी याहून वेगळे काय करीत होते?

आपल्या भागात या धंद्याला एक सोय आहे, तिचा फारसा विचार कोणी केलेला दिसत नाही. हिंदू समाजात तुळशीचे लग्न झाले की मुहूर्त सुरू होतात, आणि आषाढात चातुर्मास लागला की थांबतात. मध्ये डिसेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंत धनुर्मास येतो. आपले गुजराती शेजारी त्याला ‘कमुरता’ म्हणतात व त्या काळात लग्न टाळतात. आपल्याकडे आगमनकाळात आणि उपवासकाळात लग्ने सहसा होत नाहीत. पण नाताळ ते उपवासकाळ या अवधीत चर्चच्या घंटा वाजत असतात. म्हणजे एकाचा जो रिकामा काळ, तोच दुसऱ्याचा भराचा काळ. जो फोटोग्राफर दोन्ही घरांत आदराने वावरतो, दोन्हीकडचे विधी समजून घेतो, त्याची वर्षातील पुष्कळशी पोकळी भरून निघते. उरतो पावसाळा. तेव्हा मांडव कोणाचेच नसतात. पण आपल्या भोवती इतके कारखाने आहेत. त्यांना मालाची, यंत्रांची, समारंभांची चित्रे लागतात. शाळांना ओळखपत्रे लागतात. प्लॅस्टिकच्या बादलीचा फोटो काढण्यात कोणाचे मन रमणार, असे कोणी म्हणेल; पण त्याच बादलीच्या पैशांवर जानेवारीत एखाद्या गरीब घरचे लग्न मनासारखे टिपता येते.

दोन गोष्टी लिहून ठेवण्याच्या आहेत. पहिली, इसार. तारीख ठरली की ठरल्या रकमेचा काही भाग आगाऊ घ्यावा आणि कागदावर स्पष्ट लिहावे: किती दिवस, किती चित्रे, अल्बम केव्हा, उरलेली रक्कम केव्हा. हा कागद म्हणजे अविश्वास नव्हे. तीनशे खुर्च्यांची पाळी येऊ नये, एवढ्यासाठी तो असतो. आपल्या माणसाचे काम फुकट करावेसे वाटले तर अवश्य करावे, पण कागदावर पुरी किंमत लिहून त्याखाली ‘लग्नाची भेट’ असे लिहावे. मग घेणाऱ्याला कळते की आपल्याला काय मिळाले, आणि देणाऱ्याला कळते की आपण काय दिले. दुसरी गोष्ट कायद्याची. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या १७व्या कलमान्वये, कोणी मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून छायाचित्र काढून घेतले असेल, तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला हक्कदार तो पैसे देणाराच असतो. म्हणून फोटोग्राफरला आपल्या कामाचा नमुना म्हणून एखादीचे वधूवेशातील चित्र मोबाइलवर जगाला दाखवायचे असेल, तर तशी परवानगी त्या इसाराच्या कागदातच घेऊन ठेवावी. मुलीच्या बापाला स्वतःच्या मुलीचे चित्र परक्याच्या जाहिरातीत अचानक दिसणे बरे नव्हे.

आईबापांनाही दोन शब्द सांगितल्यावाचून राहवत नाही. हल्ली लग्नाआधी वधूवरांना समुद्रकाठी, किल्ल्यावर, धबधब्यापाशी नेऊन चित्रे काढण्याची टूम निघाली आहे. ज्याला परवडते त्याने करावे. परंतु शेजाऱ्याने केले म्हणून कर्ज काढून करू नये. आणि फोटोग्राफरनेही, ज्या घरात कर्ज निघते आहे हे त्याला दिसते, त्या घराला महागडी योजना गळ्यात बांधू नये. साध्या घराला साधे पण नेटके काम विकण्यात कमीपणा नाही. चर्चमध्ये वेदीपुढे वचने दिली जात असताना पाहुण्यांनी उठून हातातले मोबाइल पुढे करू नयेत, हेही येथेच सांगून टाकतो. ज्याला तुम्ही पैसे दिले आहेत, त्याच्या आणि वधूवरांच्या मध्ये तुम्हीच उभे राहता! फोटोग्राफरनेही विधीच्या आधी धर्मगुरूंना भेटून कोठे उभे राहावे हे विचारून घ्यावे. संत व्हेरोनिका ही छायाचित्रकारांची आश्रयदात्री मानली जाते. क्रूसाच्या वाटेवरील परंपरेत ती गर्दीतून पुढे आली ती प्रभूचा चेहरा पुसण्यासाठी, आणि चेहऱ्याची प्रतिमा तिच्या वस्त्रावर मागाहून उमटली.

ठरल्या यादीत वेदी असते, अंगठ्या असतात, केक असतो, व्यासपीठावरच्या रांगा असतात. मांडवाच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांचा उल्लेख कोणत्याच यादीत नसतो. त्यांच्याकडे वळायला दहा मिनिटांची उसंत लागते. आणि कमी दरापायी एकाच दिवशी दोन लग्ने पदरात घेतलेल्या मुलाजवळ ती दहा मिनिटे नसतात. मयताची वर्दी द्यायला घरची माणसे आमच्याकडे येतात, तेव्हा मृताचा फोटो मागितला तर पुष्कळदा असा लग्नातलाच पुढे होतो. शेजारचा माणूस कापून काढलेला असतो, त्याचा खांद्यावरचा हात मात्र तसाच राहिलेला असतो, आणि मागे नातीच्या लग्नातली मांडवाची झालर दिसत असते.